द्रवणांक

सोहारला ऑगस्टात रात्रीचीही हवा ओली.
चष्मा पुसावा, पुन्हा तीच वाफ.
आणि आमचा धंदा सगळा कोरडेपणाचा:
फिनॉलला कॉस्टिक पाजायचं, त्याचं मीठ करायचं,
ते इतकं सुकवायचं
की पाण्याची आठवणही उरू नये त्यात.
उरली, तर कार्बन डायऑक्साइड
उंबऱ्यावरूनच परत फिरतो.

सव्वाशे अंश. वरून दाब.
मग काट्याकडे बघत बसायचं.
काटा उतरायला लागला की समजायचं, गिळतंय.
जो वायू आपण श्वासागणिक टाकून देतो
तो त्या षटकोनी कड्याला जाऊन चिकटतो,
ओएचच्या अगदी लगतच्या कोपऱ्यावर.
धाटावचे आमचे दळी मास्तर म्हणायचे,
सोडियम म्हणजे शेजारधर्म, रे.
आणि पोटॅशियम?
ते तापलं की समोरच्या आळीत बिऱ्हाड करतं.

सत्तेचाळिसावी बॅच.
ॲसिड ओतलं, पांढरा गाळ बसला, देखणा.
केसासारख्या नळीत चिमूटभर भरला.
एकशे एकोणसाठला ढासळायला हवा होता.
एकशे साठ. उभा.
एकशे सत्तर.
शिबिन चहा घेऊन आला, कप गार झाला,
एकशे नव्वद, उभाच.
फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले दुसऱ्या नळीत:
जांभूळ खाल्लेल्या जिभेचा रंग यायला हवा,
आला नाही.
दोनशे चौदाला तो खाली बसला, एकदाचा.

दोन निळे ड्रम, एकाच उंचीचे.
लेबलं इंग्रजीत आणि अरबीत.
दिलकुमार घले, वय बावीस, पाल्प्याचा,
त्याला वाचता येते ती आपली देवनागरी.
ती ड्रमवर नव्हती.
गरम तेलाचा व्हॉल्व दहा दिवस गळतोय
हे मीच लिहिलं होतं वहीत, तीनदा,
तापमान चढत गेलं ते त्यामुळे.
आणि ड्रम उघडण्याआधीची सही,
न बघता केलेली,
तीही माझीच.

बद्र अल-मकबाली साहेब म्हणाले, कारण लिहा.
एका ओळीत.

एका ओळीत कसं लिहू.
शेजारी शेजारी असलेले दोन गट
आतल्या आत एकमेकांचा हात धरतात,
म्हणून लवकर वितळतात, बाहेर कुणाची गरज नसते त्यांना.
समोरासमोर पडलेल्यांचे हात मोकळे,
ते मिळेल त्याला धरतात,
परक्या रेणूला, त्याच्या पलीकडच्याला,
आणि पंचावन्न अंश जास्त टिकतात.
हे कारण नव्हे. हे मला
नळीकडे बघताना सुचलं, एवढंच.

तीन ओळी लिहिल्या. पहिली माझी.

पहाटे खोलीवर आलो.
दिलकुमार समोरच्या कॉटवर जागा होता,
बूटही काढले नव्हते.
काही बोललो नाही. मार्कर दिला त्याच्या हातात.
आठ वाजता गोदामात
त्याने एका ड्रमवर लिहिलं सोडियम,
दुसऱ्यावर पोटासियम.
मी ते तसंच राहू दिलं.