अठ्ठाविसावा दिवस

मे महिन्यात कॉलेज रिकामं झालं
की माझ्या लॅबमध्ये पंखा तेवढा बोलतो.
यंदा चौघं आली. आठ आठवडे राहणार,
महिन्याला आठ हजार मिळणार, आणि शेवटी एक पत्र.
संशोधन करायचंय, म्हणाली.
मी म्हटलं, करा. आधी चपला बदलून बूट घाला,
इथे हातातून सुटलं तर आठ किलो सुटतं.

त्यातली हर्षाली तांडेल दिवाळ्याची.
मावशीने कालवं फोडून विकली,
मागे उरलेले शिंपले हिने गोणीत भरले
आणि रिक्षाने नेरुळला आणले.
रिक्षावाल्याने वासाचे वीस रुपये जास्त घेतले.
ते कुठल्या खात्यात लिहायचे, काका?
चोवीस वर्षांत हा प्रश्न
मला कुणी विचारला नव्हता.

धुतले, वाळवले, भाजले, दळले.
तिसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन,
लॅबमध्ये काय मेलंय?
अवधूत, तिचा जोडीदार, मंगळवेढ्याचा,
नाकाला रुमाल बांधून चाळणी हलवायचा,
तोंडाने काही बोलायचा नाही, डोळ्यांनी खूप.

सिमेंट पाच टक्के कमी, भुकटी पाच टक्के जास्त.
मग दहा. मग पंधरा.
कुलथे मॅडम फळ्यावर एवढंच लिहून गेल्या.
साच्याला तेल कुठल्या कोपऱ्यात राहून जातं,
सळई किती वेळा आणि कुठे मारायची,
हे फळ्यावर मावत नाही.
ते मी दाखवलं. पत्रावर माझं नाव नसतं,
आणि नसलं तर बरंच, स्पेलिंग चुकवतात.

तीस मेला, शनिवारी, ओतले.
दुसऱ्या दिवशी साचे सोडून
ठोकळे टाकीत ठेवले, पाण्याखाली,
प्रत्येकावर मार्करने नंबर.
मग वाट बघणं.
मुलांना वाट बघायची सवय नाही.
रोज येऊन टाकीत डोकावायची,
जणू आत काहीतरी पोहतंय.
अवधूतने पाण्याचं तापमान
तारखेसकट लिहून ठेवलं, कुणी सांगितलं नव्हतं.

अठ्ठाविसावा दिवस नेमका चौथ्या शनिवारी आला.
कॉलेज बंद.
सोमवारी फोडू, कुलथे मॅडम म्हणाल्या, चालतंय.
हर्षाली काही बोलली नाही,
नुसती कॅलेंडरसमोर उभी राहिली.
मी घणसोलीहून चावी घेऊन आलो.
बायको म्हणाली, आज कुठे?
म्हटलं, सुट्टी आहे हे
ठोकळ्यांना कुणी कळवलेलं नाही.

मशीनमध्ये ठोकळा बसवला की
काटा चढतो, आणि माणसं श्वास सोडायचं विसरतात.
मग एक आवाज, फार मोठा नाही,
सुपारी फुटते तसा.
साधे ठोकळे सातशेच्या वर गेले.
पाचवाले जवळपास तिथेच.
पंधरावाला चारशे ब्याण्णवला गेला.
दुसरा पाचशे एक.
तिसरा पुन्हा चारशे ब्याण्णव.
हवे होते पाचशे त्रेसष्ट.

अवधूत हळूच म्हणाला,
पंधराचं टेबल टाकलंच नाही तर?
पाचवर थांबलो तर छान दिसतं.
पंखा बोलत राहिला.
तिने वही पुढे ओढली.
त्या पानावरचे बाकीचे आकडे हलके आहेत,
हे तीन तेवढे खोल गेलेत,
मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागतात.

सादरीकरण बारा मिनिटांचं झालं.
कुणीतरी विचारलं, मग उपयोग काय?
ती म्हणाली, पंधरा टक्के घालू नका, हा.
दोघंतिघं हसली. कुलथे मॅडम हसल्या नाहीत,
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

फुटलेले तुकडे गोण्यांत भरून मी मागे टाकले.
एक अर्धा ठोकळा ठेवला,
लॅबचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून.
त्याच्या फुटक्या अंगात नखाएवढा शिंपला आहे,
दळताना निसटलेला, अजून आतून चकाकतो.
चाळणीतून गेला कसा, कोण जाणे.
अवधूतला अजून सांगितलं नाही.