कडक भाकरी

उल्महून परत आल्यावर हत्तुरे सरांनी
पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
डब्यातून कडक भाकरी काढली,
टेबलावर उपडी ठेवली.
वर डस्टर. मग कंपासपेटी. मग गुर्रमचं घड्याळ.
"का मोडत नाही?"

आम्ही गप्प. पत्र्यावर एप्रिल तडतडत होता.

तिथं टेकडीवर, म्हणाले,
खाली बाँबनं पडलेलं गाव,
आणि आम्ही महिनाभर नुसता कागद दुमडायचो.
घर नंतर. आधी घडी कळू दे.

गुर्रम साखर पेठेतला, बाप जेकार्डवर.
दुसऱ्या दिवशी त्यानं भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ आणली,
चादरीतल्या मोराची,
खिडकीत टांगली.
ऊन मोजून आत आलं.
फरशीवरचे ठिपके बघत सर कितीतरी वेळ उभे.
मार्क दिले नाहीत.
युनिव्हर्सिटीनं मागितले तेव्हा
सगळ्यांना पंचेचाळीस.

मी आता मजरेवाडीत रो-हाऊस काढतो,
सहाशे फुटांची, एकासारखी एक.

भाकरी त्या दिवशी मोडलीच शेवटी,
वजनानं नाही,
यल्लव्वा टेबल पुसत होती तेव्हा.
तुकडे शेंगाचटणीशी खाल्ले.
सर प्रत्येक घासाला थांबायचे,
कड मोडल्याचा आवाज ऐकत.