सात किलो

कुताइसीच्या स्वयंपाकघरात
द्राक्षं तोलायचा काटा दाराला टांगलाय,
त्याला लोंबतेय अथेन्सला निघालेली पिशवी.
सात किलो चारशे.

नेस्तान पावाच्या सुरीनं
प्रवासाचं पुस्तक कण्यापाशी कापते:
बेटं नकोत, डोंगर नकोत,
एवढं एकच शहर.
झुराब जादाचे बूट काढतो,
परत कोंबतो,
मग अक्रोडांची गोड माळ
मुकाट कोटात सरकवतो.
खिसा कोण तोलतंय?

फ्रिजवर त्याच्याच अक्षरात वेळापत्रक:
दहाला संग्रहालय, बाराला पडकी देवळं,
तीनला पुन्हा संग्रहालय,
आणि रोज रात्री तेक्लेनं
एक पान लिहायचं.

नऊ वर्षांची तेक्ले
स्टुलावर चढून
गुरुवारची अख्खी दुपार
खोडरबरानं पुसते.
"हे जड होतंय, बाबा."

झुराब काट्याकडे बघतो.
अजून सात चारशेच.
पण खोडरबर काही
तिच्या हातून घेत नाही.