हातचे सोळा

अकरा हजार झ्वोती. त्यात लग्नाची मेजवानी.
शाळेच्या भटारखान्यात तेवीस वर्षं
दीडशे पोरांचं सूप मी नुसत्या नजरेनं मोजत आले,
आज वीजबिलाच्या पाठीवर
पेन्सिल तीनदा मोडली.
चौऱ्याण्णव माणसं.
माणशी एकशे सतरा, बाकी दोन.
दोन झ्वोतींत आता पावसुद्धा येत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण इथे अंथरूणच उसनं:
ओतिल्याचा झगा ब्यालिस्तोकच्या मावसबहिणीचा,
बगलेत उसवलेला, खाली चार बोटं आखूड;
खुर्च्या चर्चच्या, पाठीवर नंबर टाकलेल्या;
अकॉर्डियन ब्रोनेकचं. तो पैसे घेत नाही,
अर्धं डुक्कर घेतो.
सूपाला कोंबड्या बारा, घरच्याच.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नॉर्वेहून धाकट्या दिराचा फोन:
वहिनी, हॉटेल घेऊ या, मी भरतो.
म्हटलं, भर, पण फक्त व्होडकाचं.
उपकार वर्षानुवर्षं बोलत राहतो,
बाटली तरी एका रात्रीत गप्प होते.

हॉल गावच्या अग्निशमन दलाचा, जवळजवळ फुकट.
"जवळजवळ" म्हणजे काय ते पान कोन्स्तान्तींनी
हातात टेप घेऊन समजावलं:
बंब मागे, दार पुढे,
मधला चार मीटरचा पट्टा मोकळा हवा.
भोंगा झाला तर केक आडवा येता कामा नये.
आणि नवरदेव? मी विचारलं.
तोही जाईल. ड्रायव्हर तोच आहे.

चार मीटर म्हणजे दोन टेबलं,
दोन टेबलं म्हणजे सोळा माणसं.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
अठ्ठ्याहत्तर. माणशी एकशे एक्केचाळीस,
मांसाचा दुसरा तुकडा, वर लोणी.
बाकी पुन्हा दोनच.

नावं खोडायला वेळ लागला नाही.
गेनोवेफा, जिचं कुंपण दर वसंतात
वीतभर आमच्या बटाट्यांत सरकतं.
तिची पोरं, सुना, तो खोकणारा जावई.
पोस्टमन आणि त्याची बायको.
मग ह्यांचे मासे पकडायचे तीन दोस्त,
ह्यांच्यामागे एकदाही घरात बसले नाहीत,
फक्त दर ऑक्टोबरात येतात,
लाकडं फोडून रचून ठेवतात
आणि चहाला थांबत नाहीत.
तिथे पेन्सिल चौथ्यांदा मोडली.

बुधवारी मापं घ्यायला गेलो.
सेवेरिननं टेपचं एक टोक धरलेलं, ओतिल्यानं दुसरं,
आणि भोंगा वाजला.
टेप सळसळत परत गुंडाळली,
बूट, हेल्मेट, दार,
बंब आमच्या नाकासमोरून गेला.
कुणाचं तरी गवत पेटलं होतं, एवढंच,
नंतर कळलं, गेनोवेफाचं.

हॉलमध्ये डिझेलचा वास, आम्ही दोघी.
ओतिल्या दाराकडे बघत नव्हती, पट्ट्याकडे बघत होती.
आई, इथे टेबल नको,
पण इथे नाचता येईल की.
आणि नाचणारा माणूस खुर्ची अडवत नाही.

मी शाळेत शिकले होते,
बेरीज करताना हातचे धरायचे असतात, टाकायचे नसतात.
घरी येऊन सोळाच्या सोळा नावं परत लिहिली,
गेनोवेफाचं जरा बारीक अक्षरात.
पुन्हा एकशे सतरा. शेवया पातळ लाटू,
दुसरा तुकडा गेला, लोणी राहू दे.
पाळीपाळीनं बसतील, पाळीपाळीनं नाचतील.

दाराशी एक खिळा ठोकून घेतलाय
सेवेरिनच्या हेल्मेटसाठी.
खाली त्याचे बूट, तोंड बाहेरच्या बाजूला.
स्तेफान्या म्हणते, अपशकुन.
मी म्हणते, त्यांच्या शेजारी
ओतिल्याचेही सपाट बूट ठेव.
टाचांचे जोडे तिला चावतात,
आणि ते तर भाड्याचे आहेत.