काट्यावर

बाबा गूळ मार्केटात तोलार होते.
तीस किलोचा रवा हातानं नुसता हलवून सांगायचे,
एकोणतीस आठशे.
ते गेल्यावर माझ्या वाट्याला फळीकाटा आला,
शंभर ग्रॅमच्या खालचं काही न मानणारा.
तो मी उद्यमनगरात आणला,
खाली लेथ, वर माझा गाळा,
जिथं मी लॅपटॉप दुरुस्त करते.

दुरुस्तीला वजन कशाला लागतं, गिऱ्हाईक विचारतं.
लागत नाही.
तरी वहीत नावापुढं लिहिते. घराण्याची सवय.

साखर कारखान्यातनं एकदा एक आलं, शहाऐंशी सालचं,
शिलाई मशीनसारखं, वर मूठ, तळहाताएवढा हिरवा पडदा :
अकरा सातशे.
उचलणारे दोघं, तिसरा जिन्यात वाट दाखवायला.
म्हटलं, याला उचलून न्यायचा संगणक म्हणायचे.
"चौघं असले तर म्हैसपण उचलून नेता येते,"
तिसरा म्हणाला, आणि घाम पुसत बसला.

मग पानं भरत गेली.
तीन चारशे, ज्याच्या बगलेतनं सीडीची ताटली बाहेर यायची.
दोन दोनशे. परत दोन आठशे,
कारण मध्येच सगळ्यांना रुंद पडदा हवासा झाला.
एक चारशे.
गेल्या महिन्यात आठशे आणि वर काहीतरी,
जे बाबांच्या काट्याला दिसत नाही.

श्रेणिक मगदूम मात्र सहा आठशे.
माणूस नव्हे, त्यांचं यंत्र, पण वहीत तसंच लिहिलंय.
शाहूपुरीत अडत्यांचे हिशेब बघायचे.
एक्क्याण्णवला गडहिंग्लजचा प्लॉट विकून घेतलं.
बॅटरी निपाणीपर्यंतसुद्धा पुरायची नाही.
एसटीत मांडीवर घेतलं की कागलपासनं पाय बधिर,
मग थोडं शेजारच्याच्या मांडीवर सरकवायचं,
आणि त्याला आकडे दाखवत बसायचं, म्हणजे तो तक्रार करत नाही.
महाद्वार रोडचा शिंपी अजून त्यांचा सदरा
डाव्या खांद्याला अर्धा इंच उतरता बेततो.
विचारत नाही.

त्या ऑगस्टात पंचगंगा पेढीत शिरली.
बोटवाला म्हणाला, माणशी एकच पिशवी, आजोबा.
नात ऋजुता कागदपत्रं घेऊन चढली,
आणि तिचं नऊशे ग्रॅमचं टेबलावरच राहिलं,
दोन फायलींच्या मध्ये,
इतकं पातळ की तिला तीही फाईलच वाटली.
मगदूम कमरेएवढ्या पाण्यात परत वळले.
खालच्या फळीवरचं, आधीच बुडालेलं,
अकरा वर्षं बंद असलेलं
खांद्यावर घेऊन आले.
बोट एका अंगाला कलली. बोटवाल्यानं शिवी दिली,
पण आजोबा म्हणूनच दिली.

पाणी उतरल्यावर दोन्ही माझ्याकडं.
तिच्याला स्क्रूच नव्हते, गोंदानं मिटलेलं.
गरम केलं, पत्ती घातली, कड तुटली.
आत बॅटरी पुरीसारखी टम्म.
कंपनी फोनवर म्हणाली, नवीन घ्या.

मगदुमांच्याला बावीस स्क्रू. कुरकुरले, पण सगळे फिरले.
आत गाळ, भुशाची एक काडी,
आणि कोपऱ्यात गोगलगाय, जिवंत.
आधी काट्यावर ठेवलं : सात दोनशे.
म्हणजे चारशे ग्रॅम नदी.

दोन दिवस ब्रश, स्पिरिट.
मग गच्चीवर, शेजारणीच्या पापडांच्या रांगेत वाळत.
चालू नाही झालं. तसं सांगितलं.
रेडिओवर दुसऱ्या गावचं हवामान ऐकावं
तशी त्यांनी मान हलवली.
"परत एकदा ठेव बघू काट्यावर."

सहा आठशे.

"बरोबर," म्हणाले. पैसे किती ते विचारलं.
पट्टा डाव्या खांद्यावर घेतला
आणि सदरा तिथं नीट बसला.

गोगलगाय मी जिन्यातल्या कुंडीत सोडली होती.
दुपारपर्यंत ती काठावर आली,
संध्याकाळी दुसऱ्या कुंडीत.
तिचं वजन केलं नाही.