फुफाट्यातली भाकर

कोल्ह्याने रात्री पिशवी पळवली.
अंडी गेली, चीज गेलं, रामिरोची चॉकलेटं गेली.
पाटागोनियाचा वारा तेवढा जाता जात नाही.

ओब्दुलिया शिव्या घालत नाही.
पीठ तिच्या उशाला होतं, खोगिराखाली.
मीठ, मेंढीची चरबी, नदीचं बर्फगार पाणी.
थापते, लाकडं बाजूला सारते,
आणि आगीशेजारच्या फुफाट्यात
भाकर सरळ पुरून टाकते.

‘जळेल ना मावशी!’
‘गप. माते पी.’

मग काठीने उकरून, राख झटकून
दारावर मारावी तशी टकटक.
आतून पोकळ उत्तर येतं:
झाली.

दाताखाली राख करकरते.
झुडपात चॉकलेटचा कागद चमकतोय.
रामिरो तिकडे बघतो,
दुसरा तुकडा मागतो.