लोणी लावायची सुरी

आधी भांडी घासून घ्यायची.
हे कुठल्या पुस्तकात नाही, माझा नियम आहे.
खरकट्या सिंकसमोर कुठली देवी यावी?

मग टेबल भिंतीला, खुर्च्या बोळात.
वॉशिंग मशीन हलत नाही,
म्हणून ते वर्तुळातच राहतं, उत्तरेला.
तसंही उत्तर म्हणजे माती,
आणि आत माझ्या मुलाचे फुटबॉलचे मोजे फिरत असतात.

टेगविन येते रात्रपाळीच्या आधी,
वृद्धाश्रमाचा निळा गणवेश अंगात.
डेलिथ येते केक घेऊन, कधी नुसतीच रडवेली.
तिघी. तेरा कधी जमल्या नाहीत.
पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला मेणबत्ती,
पश्चिमेला पाण्याचा वाडगा, कडेचा टवका उडालेला.
काळ्या मुठीचा खंजीर असतो म्हणे ऐपतवाल्यांकडे;
आमच्याकडे लोणी लावायची सुरी.
तिनंच मी हवेत रेघ ओढते
फ्रिजपासून फ्रिजपर्यंत.

"ती आली का?" टेगविन विचारते.
चंद्राला आम्ही 'ती' म्हणतो.
मी पडदा सारते. ढग.
समुद्रावरून आलेले, ओल्या लोकरीचे,
या वेल्सच्या किनाऱ्याला कधी न पुरणारे असे नाहीत.
डेलिथ फोनमध्ये बघते: उगवून चाळीस मिनिटं झाली.
म्हणजे आहे ती. दिसत नाही एवढंच.

पूर्वी ढग नसले तरी दिसत नव्हती.
पोलादाची भट्टी चालू होती तेव्हा
सगळं आभाळ रात्रभर भाजल्या विटेच्या रंगाचं,
त्यात चंद्र कोण शोधतो?
भट्टी विझली त्या हिवाळ्यात
मागच्या अंगणात कपडे काढायला गेले
आणि फरशीवर माझी सावली पडलेली,
निळी, धारदार, रात्री साडेअकराला.
घाबरून आत आले.
पुढच्या महिन्यात मुद्दाम बाहेर गेले.
तेवढीच माझी दीक्षा.

तर मी हात वर केले, म्हटलं, ये बाई,
आणि नेमका छतावरचा धुराचा भोंगा बोंबलला.
टेगविन खुर्ची ओढून वर चढली, टॉवेलनं वारा घालू लागली,
डेलिथ हसत हसत खालीच बसली,
आणि मागच्या दारावर थापा.
शेजारचा एम्लिन. पायात सपाता,
काखेत आग विझवायचं लाल नळकांडं.
तीस वर्षं भट्टीवर काढलेली;
हल्ली एवढ्याशा भोंग्यालाही धावून येतो.

"आत येऊ?"
मांडलेल्या वर्तुळात कुणी असंच येत नाही.
आणि म्हाताऱ्याला थंडीत उभं ठेवणंही बरं दिसेना.
मी सुरी उचलली,
त्याच्यासमोरची हवा
खालून वर, आडवी, पुन्हा खाली
अशी कापली. म्हटलं, या.

सव्वासहा फुटांचा माणूस.
एम्लिन वाकला.
तिथे चौकट नव्हती, तुळई नव्हती,
तरी त्यानं मान खाली घातली, एक खांदा तिरका केला,
नळकांडं लागू नये म्हणून पोटाशी धरलं,
आणि आत येऊन सरळ झाला.
कुणी हसलं नाही. डेलिथसुद्धा.

"आता काय करायचं?"
काही नाही, उभं राहायचं.
जागा कुणी सांगितली नाही,
तो आपणहून मेणबत्तीपाशी गेला,
पंजा ज्योतीवर धरला, जरा वर, जरा खाली,
"फार कमी आहे," म्हणाला,
आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलला नाही.
मशीननं पिळायला घेतलं. वाडग्यातलं पाणी थरथरलं.
ढग होते तसेच.

नंतर केक. सुरी एकच, पुसून घेतली.
टेगविनला उशीर झाला, ती तुकडा तोंडात धरून पळाली.
मी रेघ उलटी सोडवत आणली,
फ्रिजपासून फ्रिजपर्यंत, म्हटलं, झालं, मोकळं.
तरी जाताना एम्लिन
त्याच जागी पुन्हा वाकला.

नळकांडं विसरून गेलाय.
तीन पौर्णिमा झाल्या, न्यायला येत नाही.
पश्चिमेला ठेवलंय, वाडग्याशेजारी.